एक हात भात्यावर

चार माणसे एकत्र जमली, जेवणे आटोपली आणि गप्पांना रंग चढू लागला, की "सर्वांत श्रेष्ठ कोण?" हा प्रश्न कुणी तरी हटकून काढतो. खेळाडू, नट, गायक, एवढेच काय, पण प्रवचनकार धर्मगुरूही त्या तराजूतून सुटत नाहीत. असल्या वादाचा निकाल कधी लागत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही प्रत्येक जण असा हिरिरीने भांडतो, जणू निकालपत्र उद्या सकाळी छापून यायचे आहे. गेल्या नाताळाच्या सुटीत आमच्या ओसरीवर असाच एक वाद झाला. विषय होता : आजवरच्या पियानोवादकांत सर्वश्रेष्ठ कोण? वाद हसतखेळत सुरू झाला. परंतु शेवटी त्याने आम्हांला आमच्याच एका चुकीपुढे नेऊन उभे केले. म्हणून तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

आमची ही ओसरी शहागडची. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे हे गाव गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरचा पूल ओलांडला की पलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. नदीच्या वरच्या अंगाला नाथांचे पैठण. हंगामात उसाच्या गाड्या, एरवी मालमोटारींची अखंड वर्दळ, आणि उन्हाळ्यात पाण्याची चिंता, असा येथला जीवनक्रम. आम्ही मूळचे वसईचे. शिक्षकी पेशाच्या निमित्ताने इकडे आलो आणि गोदेच्या पाण्याने आम्हांला येथेच धरून ठेवले. येथे आमचे चर्च नाही. आसपासच्या वस्त्यांवरील मोजकी कॅथलिक कुटुंबे आमच्या अंगणात जमतात, महिन्यातून एकदा धर्मगुरू येतात आणि ओसरीवर मिस्सा होते. वसईच्या मोठमोठ्या धर्मग्रामांत वाढलेल्या वाचकांना हे चित्र काहीसे केविलवाणे वाटेल. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटे, हे आधीच कबूल करून ठेवतो.

नाताळासाठी वसईहून आमची भाची आणि भाचा आले होते. दोघेही पियानो शिकतात, वरच्या श्रेणीच्या परीक्षा देतात, आणि दोघांच्याही खिशात आता साऱ्या जगाचे संगीत मावते. त्या रात्री भाच्याने मोबाइलवर व्लादिमीर होरोविट्झचे वादन लावले आणि निर्णय देऊन टाकला, "मामा, ह्यांच्यासारखा पियानोवादक झाला नाही आणि होणार नाही." होरोविट्झ १९०३ साली जन्मलेले. १९२५ मध्ये त्यांनी रशिया सोडला आणि १९८६ मध्ये, साठ वर्षांहून अधिक काळानंतर, ते मॉस्कोत पुन्हा वाजवायला बसले. ऐंशी ओलांडलेल्या त्या बोटांमधून सूर असे झरत होते, की श्रोत्यांतील प्रौढ माणसांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

भाचीने मान हलवली. तिचा कौल दिनू लिपाटीला होता. रुमानियाचा हा वादक १९५० साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. मृत्यूपूर्वी सुमारे अडीच महिने आधी फ्रान्समधील बझांसाँ येथे त्याची अखेरची मैफल झाली. शोपँचे चौदा वॉल्ट्झ वाजवायचे ठरले होते. तेरा झाले आणि चौदाव्यासाठी अंगात त्राण उरले नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा पट्ट्यांवर हात ठेवले आणि बाखचे येशूला उद्देशून रचलेले एक स्तोत्र वाजवून मैफल संपवली. "जो शेवटची शक्ती प्रार्थनेसाठी राखून ठेवतो, तोच श्रेष्ठ," भाची म्हणाली. भाचा लगेच उसळला, "हा चरित्राचा मुद्दा झाला, वादनाचा नव्हे!"

आम्हांला दोघांच्याही म्हणण्यात तथ्य वाटले. आणि शिक्षक माणसाला दोन्ही बाजू पटल्या, की तो इतिहास सांगू लागतो. आम्ही त्यांना सांगितले, की हा वाद तुमच्याआधी राजेरजवाड्यांनीही घालून पाहिला आहे. १७८१ सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने मोझार्ट आणि क्लेमेंटी यांची आपल्यासमोर झुंज लावली आणि बरोबरीचा निकाल दिला. सम्राट सुज्ञ होता. मोझार्ट मात्र तेवढा उदार नव्हता. पुढे वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने क्लेमेंटीला केवळ यांत्रिक वादक ठरवून टाकले. नंतर १८३७ मध्ये पॅरिसमध्ये एका राजकन्येच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि थालबर्ग यांचा सामना झाला. यजमानीणबाईंच्या नावावर सांगितला जाणारा निवाडा असा, की थालबर्ग हा जगातला पहिला पियानोवादक आहे, आणि लिस्ट हा एकमेव! म्हणजे दोघेही खूश होऊन घरी गेले असावेत.

ह्याच लिस्टने रंगमंचावर एकट्या पियानोवादकाने संपूर्ण मैफल करण्याची प्रथा रूढ केली. त्याआधी गायक, वादक, वाद्यवृंद अशी मिश्र मैफल असे. दिवे, प्रेक्षक आणि मधोमध एकटा वादक, हे चित्र मनात ठसल्यावरच "सर्वांत श्रेष्ठ कोण?" ह्या प्रश्नाला खरी धार चढली. आणखी एक गंमत अशी, की एवढी कीर्ती मिळवलेल्या त्या लिस्टने १८६५ मध्ये रोमला ख्रिस्तसभेच्या कनिष्ठ पदांची दीक्षा घेतली आणि पुढे लोक त्याला 'आबे लिस्ट' म्हणू लागले. त्याचे वादन मात्र आज कुणालाच ऐकता येत नाही. तो १८८६ साली वारला, ध्वनिमुद्रण नाही. मग 'आजवरचा सर्वश्रेष्ठ' ह्या पदवीचा निकाल तरी कोणत्या कानांनी द्यायचा?

एवढा वेळ शेजारचे निवृत्त गुरुजी अडकित्त्याने सुपारी कातरत स्वस्थ बसले होते. गावातल्या भजनी मंडळात ते टाळ घेऊन उभे राहतात आणि आमच्या नाताळाला न चुकता येतात. सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले, "सर, तुमच्या लेकरांना दूरचे सगळे ठाऊक आहे. पण जालन्याचे आप्पा ठाऊक आहेत का?"

भाच्याने "कोण आप्पा?" असे विचारताच गुरुजींचा चेहरा असा झाला, जणू कुणी गोदावरी कुठे आहे असे विचारले. आप्पा जळगावकर यांचा जन्म १९२२ साली जालन्यात, म्हणजे त्या वेळच्या निजामी मुलखात झाला. पेटीवादनात ते बव्हंशी आपल्या आपणच तयार झाले. गळ्यासाठी तालीम घेतली ती धृपद-धमाराची. पुढे पुण्यात राहून त्यांनी भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर अशा थोरामोठ्यांना साथ केली. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००९ साली ते निवर्तले. "पट्ट्या काळ्या-पांढऱ्याच ना? मग आमचा माणूस यादीत का नाही?" गुरुजींनी सवाल टाकला.

वादाने मग गोदेसारखे वळण घेतले. पेटीचा विषय निघताच आम्हीही सरसावून बसलो. 'मानापमाना'ला १९११ साली संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे भास्करबुवा बखल्यांच्या साथीने नावाजलेले. त्यांना पहिले स्थान का नसावे? गोव्याच्या पेडण्याचे नाव लावणारे मधुकर पेडणेकर, अर्थात पी. मधुकर, ह्यांनी पेटी एकटीने ऐकावी असे वादन केले. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर हेही गोव्याचेच, बोरी गावचे; त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. नाट्यपदांच्या साथीचा विषय निघाला की गोविंदराव पटवर्धनांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नागपूरचे मनोहर चिमोटे तर पेटीला 'संवादिनी' म्हणत आणि तिच्यावर स्वतंत्र मैफल करीत. गुरुजी प्रत्येक नावाला मान देत होते आणि प्रत्येक नावानंतर "पण आप्पा ते आप्पा" एवढेच म्हणत होते. सम्राट जोसेफपेक्षा हे परीक्षक अधिक ठाम होते!

भाचा मात्र तयारीचा निघाला. त्याने विचारले, "मामा, पेटी एवढी थोर, तर तिला रेडिओवर बंदी का होती?" प्रश्न बिनतोड होता. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपले दरवाजे बंद केले. पेटीचे बारा स्वर एकदा ठोकून बसवलेले असतात. दोन स्वरांमधली मींड तिच्यातून निघत नाही आणि आपल्या संगीतातील सूक्ष्म श्रुती तिला गाठता येत नाहीत, हा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या महाकवीचाही पेटीला विरोध होता. शिवाय ती परदेशी. तिचा जन्म पॅरिसचा. अलेक्झांदर दबँ ह्या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. युरोपात पायाने भाता चालवण्याची ती वाद्ये मिशनऱ्यांबरोबर येथल्या चर्चमध्ये आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी हाताच्या भात्याची पेटी घडवली, आणि ती भजनात, कीर्तनात, नाटकांत शिरली. रेडिओची बंदी १९७१ मध्ये साथीपुरती सैल झाली. म्हणजे ज्या काळात आप्पांसारखे वादक ऐन उमेदीत होते, त्या काळात देशाच्या रेडिओला त्यांच्या वाद्याचा आवाज वर्ज्य होता.

ह्यावर आमच्याकडेही एक उत्तर होते. आम्ही म्हणालो, "बाळा, तुझ्या पियानोलाही बंदी झालेली आहे, आणि तीही आपल्याच घरात." संत सेसिलिया ही संगीताची आश्रयदात्री मानली जाते. तिच्या सणाच्या दिवशी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी एक आज्ञापत्र काढले. त्यात चर्चमध्ये पियानो वाजवण्यास स्पष्ट मनाई होती; ढोल, झांजा यांसारख्या वाद्यांसही तोच न्याय लावला होता. पियानो म्हणजे नाटकगृहाचे आणि दिवाणखान्याचे वाद्य, अशी त्या काळची भावना. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा मान कायम राखला. परंतु पवित्र कार्यास योग्य ठरतील अशा इतर वाद्यांनाही वाट मोकळी करून दिली. त्याच वाटेने आपल्या मराठी मिस्सेत पेटी आणि तबला मानाने येऊन बसले. होरोविट्झचा जन्म १९०३ चा आणि पियानोवरील बंदीही १९०३ चीच, हे ऐकून भाचा खो खो हसला आणि वातावरण निवळले.

मग आम्ही दोघांनाही एक नवल सांगितले, कारण ते आमच्याच मराठवाड्याचे आहे. ऑलिव्हिए मेसियाँ हे पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑर्गनवादक होते. मोठे श्रद्धावान कॅथलिक आणि विसाव्या शतकातील अग्रगण्य संगीतकार. १९४४ साली त्यांनी बाळ येशूवर पियानोसाठी वीस रचना लिहिल्या; त्या पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या इव्होन लोरियो यांनी पहिल्यांदा वाजवल्या. ह्या मेसियाँनी आपल्या संगीताची लय घडवताना कुणाचा आधार घेतला असेल? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाचा! त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथातील एकशे वीस देशी तालांची यादी मेसियाँच्या हाती लागली आणि ते ताल पॅरिसच्या पियानोवर उमटले. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद, आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर. कोणते वाद्य आपले आणि कोणते परके, हे ठरवणे किती अवघड आहे, ते ह्यावरून उमगावे.

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपले तिकडे गेले, तिकडचे इकडे आले. हिशेब फिटला."

येथपर्यंत सारे गोडीगुलाबीने चालले होते. तेवढ्यात भाचीने कोपऱ्याकडे बोट दाखवून साधेपणाने विचारले, "मामा, पेटीविषयी तुम्ही इतके छान बोलता, मग इथे नवा कीबोर्ड का घेतला? आणि ती पेटी वाजवणारे मास्तर कुठे आहेत?"

वाचकहो, काही प्रश्न मुलांनीच विचारावेत. मोठी माणसे ते टाळतात.

आमच्या छोट्या समुदायात गेली चाळीस वर्षे एक धर्मशिक्षक पेटी वाजवीत आले आहेत. लोक त्यांना मास्तर म्हणतात. पलीकडच्या वस्तीवरून पूर्वी ते सायकलने येत, अलीकडे नातवाच्या गाडीवर मागे बसून. त्यांची पेटी एका जुन्या मिशनऱ्याने निरोप घेताना दिलेली. तिच्या भात्याला दोन ठिगळे आहेत, एक पट्टी दाबली की आधी खट्ट असा आवाज येतो आणि मग सूर. गेल्या काही वर्षांत मास्तरांची बोटे संधिवाताने आखडली. जलद जागा सुटू लागल्या. पावसाळ्यानंतर आम्ही वर्गणी काढली आणि जालन्याहून विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. मास्तरांना म्हणालो, "मास्तर, खूप सेवा केलीत. आता विश्रांती घ्या." ते "बरे झाले" एवढेच म्हणाले, पेटीवर कापड घातले आणि निघून गेले. त्यानंतर सरावाला ते आले नाहीत. मिस्सेला येत, पण मागे, दाराशी बसत.

आम्ही सर्वांना कारण सांगितले ते मास्तरांच्या बोटांचे. ते खोटे नव्हते. परंतु खरे कारणही नव्हते. वसईहून पाहुणे यायचे होते. तेथल्या गायनवृंदांचा थाट आम्हांला ठाऊक आहे. ठिगळ लावलेल्या भात्याचा तो खट्ट आवाज आमच्या माणसांच्या कानांवर पडू नये, एवढीच आमची इच्छा होती. ज्या पाहुण्यांपासून आम्ही ती पेटी लपवली, तेच आज तिची चौकशी करीत होते. आम्ही त्या रात्री भाचीला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि कंदील विझवायला उठलो.

दुसऱ्या दिवशी नाताळगीतांचा सराव होता. भाची कीबोर्डवर बसली. मुलीचा हात तयार, बोटे स्वच्छ, एकही सूर चुकला नाही. तरीही गाणे उभे राहीना. आमच्या बायकांना ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला जरा थांबायची सवय. एक वृद्ध बाई दुसऱ्या कडव्यात नेहमी किंचित खाली उतरतात आणि बाकीच्या त्यांच्यामागून जातात. कीबोर्डवर लावलेला ठेका कुणासाठी थांबत नव्हता. दोन ओळींत वाद्य पुढे आणि माणसे मागे, अशी गत झाली. तीनदा प्रयत्न झाला. शेवटी भाचीने ठेका बंद केला आणि म्हणाली, "मामा, हे लोक चुकत नाहीत. मी ऐकत नाही आहे."

संध्याकाळी आम्ही दोघे मास्तरांच्या वस्तीवर गेलो. आम्ही क्षमा मागायची म्हणून वाक्ये जुळवून गेलो होतो; ती ऐन वेळी जिभेवर येईनात. "मास्तर, आमचे चुकले," एवढेच बोलता आले. त्यांनी हाताने बसा अशी खूण केली आणि चहा सांगितला. भाचीने आदल्या रात्रीचा वाद त्यांना थोडक्यात सांगितला आणि विचारले, "मास्तर, तुम्हांला कोण श्रेष्ठ वाटते?"

मास्तर म्हणाले, "पोरी, तुझे ते पियानोवाले मी ऐकले नाहीत. आप्पांना ऐकले, तेही रेडिओवर. लोक भीमसेनजींचे गाणे ऐकायचे, मी गाण्यामागची पेटी ऐकायचो. गवई तान घेऊन सुटला, की हा माणूस त्याच्यामागे अर्ध्या पावलावर. पुढेही नाही, फार मागेही नाही. गवई थांबला, की मोकळी जागा भरायची. तो पुन्हा निघाला, की वाट द्यायची. कोण मोठा हे मला सांगता यायचे नाही. एवढे कळते, की दुसऱ्याचा श्वास ज्याला ऐकू येतो, त्याला साथ जमते."

आम्हांला ते फार आवडले. आम्ही लगेच म्हणालो, "म्हणजे भाव महत्त्वाचा, सुरांच्या चुका देव पोटात घालतो." मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. "नाही सर. भक्ती आहे म्हणून बेसूर चालते, असे नाही. चुकले ते चुकलेच. साथीला चुकलेले श्रोत्यांना कळत नाही, गाणाऱ्याला कळते. माझी बोटे चुकतात, हे तुम्ही खरेच सांगितले. फक्त ज्या दिवशी सांगायचे त्याच्या आधी वर्गणी काढली."

ह्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

पियानो आणि पेटी यांतील फरकाचा विचार आम्ही परत येताना करीत होतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि उमटलेला सूर त्याच क्षणापासून विझू लागतो. विझणाऱ्या सुरांची माळ करून तिला गायला लावणे, ही पियानोवादकाची साधना. पेटीचा सूर विझत नाही. भात्यात हवा आहे तोवर तो एकसारखा, सपाट उभा राहतो. त्या सपाट सुरात प्राण ओतणे, ही पेटीवादकाची साधना. पियानोवादकाचे दोन्ही हात सुरांवर असतात. पेटीवाल्याचा एकच हात सुरांवर, दुसरा भात्यावर. दुसरा हात कुणाला दिसत नाही, त्याला टाळी मिळत नाही. परंतु तो थांबला, की पहिल्या हाताची सारी हुशारी मुकी होते.

मास्तरांच्या डाव्या हाताला संधिवाताचा तितकासा त्रास नव्हता. युक्ती भाचीला सुचली. आमच्याकडे नाताळची मिस्सा पंचवीस तारखेच्या दुपारी होते, कारण धर्मगुरूंना सकाळपासून इतर गावे करून यायचे असते. त्या दुपारी पेटीवरचे कापड निघाले. मास्तर आणि भाची एकाच सतरंजीवर, एकाच पेटीला बसले. भाता मास्तरांच्या हाती, पट्ट्या भाचीच्या. मास्तर बायकांच्या तोंडाकडे पाहून भाता ओढत. त्या श्वास घेत तेव्हा भाता जरा सैल पडे आणि पोरीला थांबावेच लागे. वृद्ध बाई दुसऱ्या कडव्यात खाली उतरल्या, तेव्हा मास्तरांनी भाता मंद करून पेटी इतकी हलकी केली, की त्यांचे उतरणे कुणाला खुपले नाही. खट्ट आवाज येत होता तो आलाच. गुरुजी दाराशी टाळ घेऊन उभे होते. कुणी सांगितले नव्हते, पण तेही त्यात शिरले. भाचा एरवी मोबाइलवर सारे टिपून ठेवतो. त्या दिवशी त्याला त्याचा विसर पडला.

अर्पणाच्या वेळी आम्ही मास्तरांच्या त्या डाव्या हाताकडे पाहत होतो. चाळीस वर्षे तो आमच्यासमोर हलत होता आणि आम्ही सदैव उजव्या हाताच्या चुका मोजीत आलो होतो.

सुटी संपली, मुले वसईला परतली. कीबोर्ड आम्ही परत केला नाही. मुलांना त्यावर शिकवतो, आणि ठेका बंद ठेवूनच शिकवतो. मास्तर पुन्हा सरावाला येतात. वस्तीवरची एक दहा वर्षांची मुलगी आता त्यांच्याजवळ बसून पट्ट्यांवर बोटे ठेवते आणि मास्तर भाता धरतात. तिची बोटे चुकली की मास्तर रागावतात, चांगलेच रागावतात. भात्याला तिसरे ठिगळ लागले आहे. आम्ही ह्या वेळी वर्गणी काढण्यापूर्वी मास्तरांना विचारले, नवा भाता बसवायचा का. त्यांनी विचार करून सांगतो असे म्हटले आहे.

मूळ वादाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याचा निकाल लागलेला नाही. भाची अजून लिपाटीच्या बाजूला आहे. भाच्याचा गेल्या महिन्यात निरोप आला, की त्याला आप्पांचे स्वतंत्र वादन फारसे सापडत नाही. जे सापडते ते कुणा ना कुणा गवयाच्या मागे दडलेले. आम्ही त्याला कळवले, की मग गवयाच्या मागेच ऐक, त्यांची जागा तीच होती. गुरुजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि समाधानाने म्हणाले, "मी काय म्हणत होतो? आप्पा ते आप्पा."